अर्धा पॅड ताईचा, अर्धा भोपळ्याचा

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून ताई दिवसभर एकच प्रश्न विचारायची, "हे बरं दिसतंय, की मगाचं?" भिंग बदलायचं, पुन्हा विचारायचं. कुठल्या भिंगाची किंमत काय, ते आधी सांगायचं नाही. सांगितलं की महागडं भिंग लोकांना आपोआप स्वच्छ दिसू लागतं, हा तिचा पक्का अनुभव. अशी बाई कॉम्प्युटर घ्यायला निघाली तर दुकानदाराचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कॉम्प्युटर हवा होता धाकट्या भावापायी. भाऊ चांगला पन्नाशी ओलांडलेला, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. पण घरात त्याला अजून भोपळ्याच म्हणत. गेल्या वर्षी त्याची बायको गेली आणि तो दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला गेला. तेव्हापासून ताईने फोन केला की तिकडून यायचं, "बरं आहे. ठेवू?" एकेकाळी याचं तोंड बंद करायला घरच्यांना हात जोडावे लागत! तो रडला असता, चिडला असता, तरी ताईला चाललं असतं. पण हे "बरं आहे" तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिला तिचा भाऊ बोलता हवा होता, दुसरं काही नको होतं.

लहानपणी वडिलांनी दोघांत मिळून एक व्हिडिओ गेम आणला होता, आणि त्याला खेळायचा बटणांचा पॅडही एकच. पहिल्याच दिवशी झिंज्या उपटल्या गेल्या. आई हातातलं काम टाकून आली आणि म्हणाली, "खाऊ वाटून खाता ना? मग हेही वाटून खेळा." आईच्या मनात पाळीपाळीने खेळणं होतं. या दोघा दीडशहाण्यांनी पॅडच वाटून घेतला. डावी बाजू ताईने धरली, उजवी भोपळ्याने. खेळात गच्च्यांवरून धावत पत्रं वाटणारा एक पोस्टमन होता. त्याला पळवायचं ताईने, उडी मारायची भोपळ्याने. पुढे सगळे खेळ ते असेच खेळले, आणि परिणाम असा की एकट्याने खेळायला दोघांपैकी कुणालाच कधी आलं नाही.

तेच पुन्हा खेळायचं, तिने ठरवलं. ती इथून पळवेल, तो तिथून उडी मारेल. त्या खेळाची जुनी कॅसेट तिने जपून ठेवली होती. ती पर्समध्ये टाकून ती नवऱ्याच्या मित्राच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

"जुने खेळ काय, कुठलाही डबा चालवेल, वहिनी," टकलावरून हात फिरवत भाऊजी म्हणाले. "नव्या कॉम्प्युटरला जुनं मशीन असल्याचं सोंग घ्यायला लावायचं, झालं. त्याला ताकद लागत नाही. पण तुम्हाला इथलं चित्र त्या गावी पाठवायचंय आणि तिथली उडी इथे आणायचीय. चित्र झटपट पाठवणारी चिप हवी. नाहीतर भाऊ आज बटण दाबायचा आणि पोस्टमन उद्या उडायचा."

त्यांनी तीन कॉम्प्युटर मांडले. एक भलामोठा, काचेच्या खिडकीतून लाल-निळे दिवे दाखवणारा. दुसरा कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जेवणाच्या डब्याएवढा, कोपऱ्यावर खरचटलेला. तिसरा तर नुसती तळहाताएवढी पट्टी.

"झाका तिन्ही," ताई म्हणाली.

"अं?"

"झाका हो. कुठला लावलाय ते मला कळता कामा नये. आणि तुम्ही आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसा. तुम्ही माझे भाऊ. मी पळवते, तुम्ही उडी मारा."

मित्राच्या बायकोपुढे कुणाचं काय चालतं? भाऊजींनी टेबलक्लॉथ पसरला, कॅसेटमधला खेळ तिन्हीत भरला आणि लॅपटॉप घेऊन आत गेले. ताईने पॅडची डावी बाजू धरली. पडद्यावर पोस्टमन उभा राहिला, तोच निळा, तशीच फुगलेली पिशवी, आणि ताईला क्षणभर गलबलून आलं. मग तिने त्याला पळवलं. पोस्टमन गच्चीच्या काठापर्यंत गेला आणि सरळ खाली पडला.

"दुसरा लावा!"

भाऊजींनी बाहेर येऊन कापडाखालची तार बदलली. दुसऱ्यावरही पडला. तिसऱ्यावर पाण्याच्या टाकीत बुडाला.

"हा बरा की मगाचा?" आतून भाऊजींनी विचारलं.

"चष्मा न लावताही स्पष्ट दिसतंय मला. तिन्ही टाकाऊ! उडीला उशीर होतोय."

भाऊजी बाहेर आले ते तोंड पाडूनच. माल त्यांनी हाताने तपासलेला होता. ते चिप, तारा, काय काय समजावू लागले. कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची बायको एका मदरबोर्डाला कथलाचा डाग देत बसली होती. तिने डोळ्यांवरचं भिंग वर सरकवलं.

"अहो, मशीन बिचारी काय करतील? जेवायला हाक मारली की तुम्ही येता ताट गार झाल्यावर. द्या तो लॅपटॉप इकडे."

ती आत जाऊन बसली. ताईने पोस्टमनला पळवलं आणि तो काठावरून असा उडाला की ताईच्याच तोंडून "अगं बाई!" निघालं. एक गच्ची, दुसरी, तिसरी.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाली. भाऊजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग खरी तपासणी झाली. एका मशीनवर चित्र अडखळत होतं, ते बाद. उरलेल्या दोघांत फरक सांगता येईना. ताईने आलटूनपालटून लावायला लावलं, डोळे बारीक केले, तरी येईना. तेव्हा टेबलक्लॉथ काढला. एक दिवेवाला निघाला, दुसरा ऑफिसातला खरचटलेला.

"दिवेवालाच घ्या, पुढेमागे उपयोगी पडेल," भाऊजींनी शेवटचा प्रयत्न केला.

"घरात दिवे आहेत माझ्या," ताई म्हणाली, आणि डबा काखोटीला मारून निघाली.

रविवारी दुपारी भाचीने तिकडे आपल्या लॅपटॉपला पॅड जोडला, इंटरनेटची तार लावली आणि बापाला खुर्चीत बसवून कानांवर हेडफोन चढवला.

"ताई, ह्या वयात?" भोपळ्या म्हणाला.

"तू फक्त उडी मार."

पहिला पोस्टमन पडला. दुसराही पडला. ताईला वाटलं, इतकी पारख करून घेतलेलं मशीन, आणि आता हा म्हणणार, बरं आहे, ठेवू.

"अगं, पळवतेस का ढकलतेस?" हेडफोन एकदम कडाडला. "काठावर जरा दम धर ना! चष्मे विकतेस आणि तुला खड्डा दिसत नाही?"

"तूच झोपलायस!"

"मी? मी झोपलोय? थांब, आता बघ."

आणि मग गच्च्या मागे पडू लागल्या. भोपळ्या ओरडत होता, तिला मूर्ख म्हणत होता, लिफ्टमध्ये अडकलेल्या कुठल्याशा जाड्या वकिलाची गोष्ट उड्यांच्या मधेमधे सांगत होता. ताई हसून हसून बेजार झाली. बोलता बोलता तो म्हणाला, "ही असती ना, तर म्हणाली असती, घोडे झालात दोघं, आधी ती भाजी निवडा." तो हसला. हसणं मध्येच तुटलं आणि रडू फुटलं. बायको गेल्यापासून ताईने त्याला रडताना पहिल्यांदाच ऐकलं.

तिने डावा अंगठा उचलला. पोस्टमन एका उंच गच्चीवर उभा राहिला. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे कमी होत होते, होऊ दे. तो रडत होता आणि ती पॅड धरून त्याच्याबरोबर बसून होती. तिलाही रडू येत होतं, पण ते जड नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक ओढलं.

"वेळ संपत आलाय ना?"

"थोडा आहे."

"मग पळव की," भोपळ्या म्हणाला. "मी आहे उडीला."

ताईने अंगठा टेकवला आणि पोस्टमनला पळवलं.