बिछान्याजवळची खरखर

दुपारी एक वाजला की गाडी मधल्या बोळात मान टाकायची. बुटाच्या खोक्याएवढा तो चाकांचा रोबो रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोने हौसेने जुळवला होता. बायको जाऊन चार महिने झाले होते. तिची आई कंबर मोडून मागच्या खोलीत पडून होती, जावयाचं दुकान पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक सोडून सारखं उठणं जमत नसे, म्हणून पाणी, गोळ्या, चष्मा, सगळं गाडीवरून जाई.

मेहुणी बॅग घेऊनच आली. तिचं म्हणणं सरळ होतं. गाडी उद्या संध्याकाळी सहापर्यंत टिकली तर आई इथे राहील, नाहीतर ती आईला घेऊन जाणार. तिचं चूक नव्हतं. पण मग घरात त्याच्याखेरीज कोणी उरत नव्हतं.

बॅटरी तर नवी होती. त्याने गाडी उलटी करून बोट लावलं आणि चटका बसला. बॅटरी बारा व्होल्टची, गाडीला हवेत पाच. वरचे सात, वीज पाचावर आणणारा तीन पायांचा रेग्युलेटर नुसता तापून उधळत होता. तो त्यानेच हट्टाने बसवला होता. बायकोला दुसरा हवा होता, सेकंदाला लाखभर वेळा वीज तोडून जोडणारा. तसल्या तोडजोडीने रेडिओत खरखर होते, म्हणून ह्याने तसला सर्किटचा तुकडा कधी दुकानाची पायरी चढू दिला नव्हता.

"अहो, माझ्या गाडीला काय बातम्या ऐकायच्यात?" ती तेव्हा म्हणाली होती.

तिने आणून ठेवलेला तो तुकडा बटणांच्या डब्यात आहे, हे सासूबाईंनीच सांगितलं. त्याने तो जोडला, मीटर लावून पाच व्होल्ट जुळवले आणि विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र लावलं. पाहतच राहिला. निम्म्याहून जास्त वेळ बॅटरीकडून वीज बंदच होती. तरी पुढे पाच व्होल्टची रेघ सरळ, अखंड. बंद असताना तुकड्यावरची तारेची कॉइल आपल्यात साठवलेलं देत होती. कॉइली त्याने जन्मभर गुंडाळल्या होत्या. त्यांची एवढी दानत त्याला माहीत नव्हती. तुकड्यावर बोट ठेवलं. जेमतेम कोमट. बोट काढायचं तो विसरला.

दुसऱ्या दिवशी गाडी नऊला सुटली. एक वाजला, दोन वाजले. सासूबाईंनी मुद्दाम चष्मा तीनदा परत पाठवून तीनदा मागवला.

सहा वाजून गेले. त्याने पाण्याची बाटली ठेवून गाडी सोडली आणि कान देऊन बसला. बोळ संपला असेल. मग मागच्या खोलीत उशाजवळचा रेडिओ खरखरू लागला.

"भाऊजी," मेहुणी आतून म्हणाली, "आई इथेच राहायची तर तिचा रेडिओ तेवढा नीट करून द्या. गाडी जवळ आली की खरखरतो."

"राहू दे," तो म्हणाला. "तसाच राहू दे."