नव्वदाव्या पानावरचं कालवण

"नाही सांगत, जा! मी मोठी आहे. आधी माझं पुस्तक, मग तुझं."

लमाईने बांगड्याचं पोट साफ करून तो परातीत टाकला. समोर चटईवर तिचा धाकटा भाऊ प्रयून मांडी घालून बसला होता. बँकॉकमध्ये तो आला की मंत्रीसुद्धा उठून उभे राहत. पण मेक्लोंगच्या कालव्याकाठच्या या लाकडी घरात तो अजून बेडक्याच होता. जन्मला तेव्हा डोळेच तेवढे मोठे होते, म्हणून आईने ठेवलेलं नाव. त्या नावाने हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

"ताई, ऐक ना. छापखाना खोळंबलाय."

"खोळंबू दे! माणूस गेल्यावर त्याच्या आठवणींचं पुस्तक घरच्यांनी चितेच्या दिवशी वाटायचं असतं, आणि तू ते जिवंतपणी लिहायला बसलायस, लाज नाही वाटत?"

"मुलांवर सोडलं तर नुसते कारखानेच छापतील. चितेला फूल वाहून गेलेली माणसं पुस्तक गाडीतच विसरतील. आईच्या कालवणाची कृती असली म्हणजे बायका तरी जपून ठेवतील."

लमाईला हसू आलं. अर्ध्या जगाला डब्यातला मासा विकणारा हा माणूस दर रविवारी तिच्याकडे ताजा बांगडा खायला येई. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेरा वर्षांची लमाई होडीत चूल मांडून हे कालवण विकायची आणि हा टोकाला बसून ओरडायचा, "बांगडा घ्या, काट्यासकट विरघळतो!" आवाज असा, की पलीकडच्या देवळातले भिक्खूसुद्धा हसत.

डॉक्टर काय म्हणाले, ते तो बोलला नव्हता. पण सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. कृती सांगितली की पुस्तक पुरं होणार. आणि पुरं झालं की मग? तिला तो विचारच नको होता.

तरी शेवटी तिने सांगितलं. चिंच, ताडगूळ, खारवलेल्या माशांचं पाणी, दिवसभर मंद आच. तो शाळेतल्यासारखा वहीत उतरवत होता. एक गोष्ट मात्र तिने गाळली : मडक्याच्या तळाशी काय पसरायचं, ते. अपुरं राहिलं तर याला परत यावंच लागेल.

प्रयूनने लिहिलेलं वाचलं. तिच्याकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा भात वाढून घेतला.

पावसाळा संपायच्या आत तो गेला. चितेच्या दिवशी पुस्तक देवळातच तिच्या हातात पडलं. घरी येऊन, चष्मा लावून तिने कालवणाचं पान शोधलं. नव्वदावं. चिंच होती, ताडगूळ होता. खाली दोन ओळी जास्तीच्या होत्या : 'एवढ्यावर केलंत तर खालचे मासे करपतील. तळाशी काय घालायचं ते मेक्लोंगच्या माझ्या लमाईताईला विचारा. ती कुणाला उपाशी परत पाठवत नाही.'

त्या रविवारी धक्क्याला होडी लागली. काळ्या कपड्यांतली एक अनोळखी बाई पुस्तक छातीशी धरून उतरली.

"आजी, ते नव्वदाव्या पानाचं विचारायचं होतं..."

लमाईने चटई पसरली, भात वाढला, बाईचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

"ऊस," मग ती म्हणाली. "उभा चिरून घालायचा."