हातचं राखून

तिबुर्सिओच्या पाठीने दगा दिला, तेव्हा त्याला मेक्सिकोतल्या वेराक्रूस बंदराच्या गोदीतून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. उभा जन्म पोती वाहताना जिने कधी हूं की चूं केलं नाही, ती पाठ आता मोजे घालायला वाकलं तरी कळ मारायची. बरं, दुखून थांबेल म्हणावं, तर तेही नाही. हिवाळ्यात समुद्रावरून उत्तरेचा बोचरा वारा सुटला की मग विचारूच नका. तिबुर्सिओ दुपारभर लोळायचा, रात्रभर टीव्हीपुढे जागायचा आणि सकाळी म्हणायचा, अंगात त्राणच नाही. कुठून असणार?

त्याची बायको कासिल्दा हे सगळं निमूट बघत असेल असं ज्याला वाटतं, त्याने कासिल्दाला पाहिलेलं नाही.

"म्हाताऱ्या, खुर्चीला मुळं फुटली तुझ्या," ती म्हणायची. "उद्यापासून पाणी घालू का?"

शेवटी तिनेच त्याला ओढत दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण त्याच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. तिने पाठ दाबून पाहिली, फोटो पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, मोडलेलं काही नाही. गोळ्या थोड्याच देते, बाकीचं औषध तुमच्याच घरात आहे." रोज सकाळी चालायचं. दुपारी डुलकी, झोप नाही. संध्याकाळनंतर कॉफी बंद, टीव्हीही वेळेवर बंद. तिबुर्सिओने मान डोलावली. मग ती म्हणाली, "आणि ज्या दिवशी बरं वाटेल ना, त्या दिवशीही तेवढंच करायचं. हातचं राखून."

हे मात्र त्याला झोंबलं. गोदीत हातचं राखून काम करणाऱ्याला कामचुकार म्हणायचे, आणि तसं म्हणणाऱ्यांत तिबुर्सिओचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

तरी तो चालू लागला. बायको शेजारी असली की माणूस चालतोच. समुद्राच्या कठड्याने दोघं सकाळी निघायची, या बाकापासून त्या बाकापर्यंत, थोडं बसायची, पुढे जायची. घरात तळण कमी झालं, काळा घेवडा आणि वाफवलेला मासा वाढला, बाटलीतली गोड शीतपेयं गेली. तिबुर्सिओने प्रत्येक घासाला नाक मुरडलं आणि प्रत्येक घास खाल्ला. काही आठवड्यांनी तो रात्री घोरू लागला. एका सकाळी उठला तर पाठ गप्प. त्याने वाकून पाहिलं, वळून पाहिलं. गप्पच.

त्याच संध्याकाळी त्याने पांढरा सदरा चढवला आणि कासिल्दाला घेऊन चौकात दान्सोन नाचायला गेला.

दान्सोन, संथ चालीवरचा हा जोडीचा नाच, दोघांचा जुना नाद. लग्न जमलं तेही त्याच चौकात, त्याच बँडच्या साथीने. पाठ बिघडल्यापासून जाणं सुटलं होतं. त्या संध्याकाळी तो सगळं उसनं फेडल्यासारखा नाचला, शेवटचा नाच संपून वादक वाद्यं आवरेपर्यंत. कासिल्दाचे गाल लग्नातल्यासारखे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला खाटेवरून उठता येईना. ते दुखणं आठवडे चाललं. कासिल्दाने त्याला बसवलं, न्हाऊ घातलं, चमच्याने भरवलं. एकदा पाठ पुसता पुसता ती म्हणाली, "मी आता नाचणार नाही."

"मीही कुठे म्हणतोय नाच म्हणून?"

"आज नाही. कधीच नाही. तू उभा राहिलास की मला हौस येते, आणि माझी हौस तुला खाटेवर पाडते. नको मला ती."

"मग दुसऱ्या कुणाबरोबर नाच."

"उगीच काहीतरी बोलू नकोस. हात वर कर."

टोमणा असता तर त्याने हसण्यावारी नेला असता. पण कासिल्दा चिडली नव्हती, म्हणूनच तो घाबरला. तिने शब्द पाळला. चौक घरापासून दोन गल्ल्यांवर. बँडचा आवाज आला की ती खिडकी लावून घ्यायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. त्या आवाजाने तिबुर्सिओचं जे दुखायचं, ते पाठीहून वर कुठेतरी होतं. आपल्यापायी हिचा जीव विझतोय, हे त्याला दिसत होतं.

उठता आल्यावर तो पुन्हा चालायला लागला, या वेळी मनावर घेऊन. चालणं अवघड नव्हतं. बरं वाटत असताना थांबणं अवघड होतं. पाय म्हणायचे चल, छाती म्हणायची चल, आणि जित्याची खोड अशी सहज जाते थोडीच. मग एका सकाळी चालता चालता तो जुना दान्सोन गुणगुणत होता आणि धृपद आलं तसा उभा राहिला. दान्सोनचा रिवाजच तो. धृपद आलं की जोड्या थांबतात, बायका हातपंखे उघडतात, आजूबाजूला रामराम होतो, मग पुन्हा नाच. दमलात की नाही, हे कुणी विचारत नाही. तेव्हा जो पाय हलवतो, त्याला सगळा चौक अडाणी म्हणून हसतो.

"काय झालं? कळ आली?" कासिल्दाने दंडाला धरत विचारलं.

"नाही. धृपद आलं."

कासिल्दाने त्याचा दंड सोडला आणि धृपद सरेपर्यंत तीही थांबली.

त्या दिवसापासून तो तसाच चालला, धृपद आलं की थांबत. पाऊस आला, गेला. वाईट दिवस अधूनमधून यायचे, पण ते आता पाहुण्यासारखे यायचे आणि जायचे. सकाळी तो कासिल्दाच्या आधी उठून कॉफी ठेवू लागला. आणि एका संध्याकाळी म्हणाला, "दोन नाच. तिसरा नाही."

"तुझं दोन मला ठाऊक आहे."

"मग लक्ष ठेवायला चल."

"येते. तुला उचलून आणायला कुणी तरी लागेलच."

दोन नाच झाले. पाठ हूं की चूं करेना. तिबुर्सिओला वाटलं, पहाटेपर्यंत नाचू. आणि नेमका बँडने कासिल्दाचा सगळ्यांत आवडता दान्सोन धरला. तिची बोटं त्याच्या हातात घट्ट झाली. मग तिनेच ती सोडवून घेतली आणि खाली बघत म्हणाली, "चल, बसू."

या क्षणी तो हो म्हणाला असता तर पाठ वाचली असती. पण ती पुन्हा खिडकी लावून भांडी घासत बसली असती. तिबुर्सिओने बाकाकडे पाहिलं. तिथे शेजारचा विधुर अबुंदिओ बसला होता, तालाला पक्का, पण मुखदुर्बळ.

"अबुंदिओ, ऊठ. कासिल्दाला नाचव. आणि हात कमरेच्या वर."

"वेड लागलं का तुला?" कासिल्दा म्हणाली.

"तुझी हौस मला पाडत नाही गं. माझा हावरेपणा पाडतो. जा."

ती तशीच उभी राहिली. बिचाऱ्या अबुंदिओने हात पुढे करून ठेवला होता. मग ती गेली.

तिबुर्सिओ बाकावर बसला. आणि त्याला दिसलं की एवढ्या वर्षांत आपण हिला नाचताना कधी पाहिलंच नाही. पाहणार कसं? तो नेहमी तिच्यापासून वीतभर अंतरावर, तिच्या केसांच्या वासात, पावलं सांभाळत. आता ती अख्खी दिसत होती. वळताना तिची टाच जेमतेम उचलली जायची, मान जराशी कलायची, डोळे मिटायचे. सगळ्या चौकात तसं कुणी वळत नव्हतं. धृपद आलं. ती थांबली, पंखा उघडला आणि गर्दीतून त्याला शोधलं, पाठ धरून बसलाय का ते बघायला. त्याने हात वर केला.

नाच संपल्यावर ती धापा टाकत येऊन शेजारी बसली.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग डोळे कशाला पुसतोयस?"

"तू इतकं छान नाचतेस, मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगणार कोण, म्हाताऱ्या? बाकीच्यांना वाटत होतं, तुला माहीत आहे," कासिल्दा म्हणाली, आणि आपल्या पंख्याने त्यालाच वारा घालू लागली.