चार कुणाचा?

तिने झडपेच्या चाकाला हात घातला आणि मागून सर म्हणाले, "थांब. पुन्हा एकदा विचार कर."

"केलाय, सर. आता बघू तरी द्या!"

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. टंगस्टनच्या नखाएवढ्या चकतीवर तिने हेलियमच्या आयनांचा मारा केला होता. आता ती चकती निर्वात भांड्यात लालभडक तापली होती. इतक्या तापलेल्या धातूत हेलियमचा मागमूसही उरत नाही, हे सरांचं गाजलेलं मत. ती म्हणत होती, उरतो. आत पोकळ्या करून दडी मारून बसतो आणि उशिरा सुटतो.

थोड्या वेळापूर्वी वायूंचं वजन ओळखणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वजन चारची, म्हणजे हेलियमची, रेघ सरसर वर चढली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. पण सर म्हणाले होते, "हा चार तुझाच कशावरून? माझाही असेल."

आता याला काय म्हणावं! पण मुद्दा बिनतोड होता. जड हायड्रोजनच्या रेणूचं वजनही चारच. सरांनी याच भांड्यात वर्षानुवर्षं तो भरला होता. भांडं तापलं की भिंती तो सोडणारच. यंत्र बिचारं दोघांनाही एकाच नावाने हाक मारतं. सरांचं खरं निघालं, तर तिच्या प्रबंधाचे बारा वाजले.

झडपेपलीकडे हायड्रोजन शोषून घेणारी धातूची पट्टी होती. हेलियम मात्र कुणाशीच सलगी करत नाही, पट्टीशीही नाही. रेघ कोसळली तर वायू सरांचा, टिकली तर तिचा.

तिने चाक फिरवलं. रेघ जराशी डळमळली. तिने ओठ दाताखाली धरला. रेघ सावरली, आणि मग काही केल्या जागची हलेना.

"माझा आहे!" ती ओरडलीच. "सर, माझा आहे!"

सरांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकून पुन्हा पाहिलं.

"एक शंका आहे."

"आता आणखी काय राहिलं?" तिचा चेहरा उतरला.

"इतकी वर्षं मी पोरांना उलटंच शिकवलं. त्यांना हे कोण सांगणार?"

तिने चाकावरचा हात काढला. तोवर सरांनी फोन कानाला लावलाही होता.

"अरे, मी बोलतोय, तुझा मास्तर. मी चुकलो! हो, साफ चुकलो! आमच्या पोरीने दाखवून दिलं!"

पलीकडच्याने सांत्वन सुरू केलं असावं, कारण सर आणखी मोठ्याने म्हणाले, "वाईट कसलं वाटतंय? आधी इकडे ये, आणि बाकीच्यांनाही घेऊन ये!"