आईचा कोट

ताईने स्वतःहून दोघींची तिकिटं काढली, तेव्हाच धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एरवी फोन केला तरी ‘कामात आहे गं’ म्हणून ठेवून देणारी ही बाई आज म्हणे बहिणीला जुनी वनस्पतीबाग दाखवणार! आणि तेही धाकटीला शिवणाचं दुकान बंद ठेवायला लावून. यात काहीतरी पाणी मुरतंय, नक्की.

काचघरात दमट ऊब होती. दीडशे वर्षांपूर्वी लावलेल्या ताडासमोर ताई इतका वेळ उभी राहिली, की जणू तो तिचाच चुलता.

“किती उंच झालाय ना गं?”

“ताई, तुला घरातल्या कुंडीतली तुळससुद्धा जगवता येत नाही. खरं बोल, काय भानगड आहे?”

“कुठे काय? चल, समोर म्युझियम आहे कपड्यांचं. तुला आवडेल.”

हं! म्हणजे बाग नुसती तोंडी लावायला होती. घर विकायचं असेल, धाकटीला वाटलं. नाहीतर आजार लपवत असेल. या दुसऱ्या विचारासरशी तिने रस्ता ओलांडताना ताईचा हात घट्ट धरला.

म्युझियमच्या दुसऱ्या खोलीत ताई एका काचेच्या कपाटासमोर थबकली. आत आईचा कोट होता. टंचाईच्या दिवसांत आईने घरातल्या ब्लँकेटचा शिवलेला, करड्या रंगाचा. आई गेल्यावर धाकटीने तेवढाच मागितला होता, आणि ‘कसर लागली गं, टाकून दिला’ असं ताईने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

“खोटारडी!” धाकटी एवढ्या मोठ्याने म्हणाली, की पहारेकऱ्याने मान वळवली. “माझा होता तो!”

“तू उसवला असतास.”

“मी?”

“बाबांच्या सुटाच्या पिशव्या केल्यास. आजीच्या शालीचं जाकीट केलंस. तुझ्या हातात कापड आलं की कात्रीच चालते. मला आईचं काहीतरी एक अख्खं राहायला हवं होतं, म्हणून इथे दिला.”

धाकटी तोंड उघडून भांडायला वळली. पण नजर कोटावर गेली, आणि तिला आधी दिसलं ते हे, की कोपर विरलंय, पण पाठीचं कापड अजून दणकट आहे, त्यात लहान मुलीचं जाकीट सहज बसेल. स्वतःचीच तिला लाज वाटली.

“उसवलाच असता मी,” ती म्हणाली. राग तरी कुठे गेला होता! “पण ताई, कपाटात कोंडायच्या आधी एकदा, एकदाच मला अंगात घालू द्यायचास ना गं.”