मेरिल बीलची चादर

अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरणाऱ्यांत मेरिल बीलएवढा थापाड्या झाला नाही. एका शेवंडाने म्हणे त्याची होडी कॅनडापर्यंत ओढत नेली, आणि सरहद्दीवर शिपायाने हटकलं तेव्हा मेरिलच्या आधी शेवंडानेच नांगी वर केली! धक्क्यावरचे लोक पूर्वी हसायचे. मग म्हातारे एकेक करून गेले, बायकोही गेली. ऐकायला उरली आठ वर्षांची नात, केल्सी. ती नुसती ऐकायची नाही, पुढचं जोडायची.

"आणि आजोबा, शेवंडाच्या पाठीवर मी बसले होते!"

"होतीस तर. शेपटीकडच्या बाजूला."

सप्टेंबरात केल्सी पलंगावरची चादर घेऊन शेडच्या छपरावर चढली आणि उडाली. मनगट मोडलं. त्याआधी तीन रात्री ती झोपली नव्हती, वर्गात बाईंना चावली होती. शहरातला एक डॉक्टर म्हणाला, हा बायपोलर आजार आहे, यात मन कधी उधाणतं, कधी खचतं, गोळ्या सुरू करा. दुसरा म्हणाला, एवढ्याशा पोरीला असलं नाव चिकटवू नका, थोडं थांबा. केल्सीच्या आईच्या, लॉर्नाच्या, डोळ्याला वर्षभर डोळा लागला नव्हता. तिच्यात थांबायचं त्राण कुठलं? गोळ्या सुरू झाल्या.

दुपारी पोर मेरिलकडे असायची, म्हणून डॉक्टरांचा कागद त्याने भरायचा होता. 'मुलीने या आठवड्यात अशक्य बढाया मारल्या का?' हो लिहावं तर गोळी वाढणार; नाही लिहावं तर गुण आला म्हणून चालूच राहणार. मेरिल दोन दिवस पेन्सिल चावत बसला, मग त्याने लिहिलं.

लॉर्नाने कागद उचलून वाचला. "'बढाया माझ्या आहेत. मला हा आजार एकाहत्तर वर्षं आहे.' बाबा, थट्टा पुरे हं!"

"थट्टा नाही गं. चादर धरून बेटावर उडत गेलो, ही गोष्ट मीच तिला सांगितली होती. आदल्याच दिवशी."

"आणि तीन रात्री जागली, ती तुमची गोष्ट? बाईंना चावली, तीही तुमचीच?"

मेरिलने पेन्सिल खिशात घातली.

"जन्मभर थापा मारल्यात," लॉर्ना हळूच म्हणाली, "आता तिच्यासाठी आणखी एक."

"ही खरी आहे, पोरी."

"दर वेळी हेच म्हणता की, बाबा."

तिने नवा कागद घेतला आणि 'नाही' वर खूण केली. डॉक्टर खूश झाले. गोळ्या चालू राहिल्या.

एका दुपारी केल्सी शेडमध्ये शेवंडांच्या सापळ्यांना बांधायचे तरंगते बोये रंगवत बसली होती. अंगाने जडावली होती, ब्रशचा हात किंचित थरथरत होता. पण झोप होत होती, शाळेतून तक्रार नव्हती. मेरिलने खाकरून सुरुवात केली, "तर त्या दिवशी वारा असा सुटला, की मी चादरीची चार टोकं धरली..."

"आजोबा, चादरीनं माणूस उडत नाही ना?"

मेरिलने तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही उडत."

"बरं," म्हणून ती पुन्हा रंगवायला लागली. थोड्या वेळाने बाहेर लॉर्नाच्या गाडीचा हॉर्न वाजला. केल्सीने ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि गेली.

मेरिलने मग तीच गोष्ट समोरच्या ओल्या बोयांना सांगितली. वारा, चादर, खाली समुद्र, सगळं. ती मध्ये बोलायची त्या जागी आल्यावर तो सवयीने थांबला.