खलातलं औषध

त्या पत्राला आठ महिने होऊन गेले, तरी उत्तर काही गेलं नव्हतं. सरांनी ते जाडजूड शब्दकोशात ‘उ’च्या पानांमध्ये ठेवलं होतं. उत्तर द्यायचं लक्षात राहावं म्हणून! लक्षात रोज राहायचं, हात तेवढा उचलायचा नाही.

सरांनी औषधं बनवायला शिकवण्यात हयात घालवली होती. पत्र त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. आता ती मुलांच्या हॉस्पिटलात औषध विभागाची प्रमुख होती. ‘सर, आमच्याकडे आता यंत्राचं कपाटच गोळ्या मोजून देतं,’ तिनं लिहिलं होतं. ‘पण कारखान्यातून बाटली आलीच नाही, तर ती हातानं कशी करायची हे माझ्या माणसांना येत नाही. दर बुधवारी शिकवायला याल? हो की नाही, दोन ओळी लिहा.’

त्या दोन ओळींचे सरांनी अकरा मसुदे केले आणि अकराही फाडले. ऐंशीला टेकलेला माणूस, हात चुकला तर? औषधातली चूक म्हणजे काही भाजीत मीठ जास्त पडणं नव्हे.

सोमवारी सकाळी खालच्या मजल्यावरची टेलरताई धापा टाकत वर आली. कडेवर दहा महिन्यांचं बाळ, हातात जवळपास रिकामी बाटली.

“आजोबा, बाळाच्या हृदयाचं औषध! चार दिवसांचं उरलंय. सात दुकानं पालथी घातली. म्हणतात, जगात हे पातळ औषध करणारे कारखानेच दोन. एक बंद पडलाय, दुसऱ्याकडे सहा महिन्यांची रांग. मोठ्या माणसांची गोळी मिळते म्हणे. तिचा तुकडा करून देऊ का?”

“अजिबात नाही!”

सरांचा आवाज इतका चढला, की आतून त्यांची बायको धावत आली. असा आवाज तिनं उभ्या संसारात ऐकला नव्हता.

“अंदाजानं तोडलेला तुकडा नको,” सर लगेच ओशाळून म्हणाले. “गोळीचं पातळ औषध करता येतं. पण नीट करावं लागतं.”

“तुम्हाला येतं ना?” बायकोनं विचारलं.

“येत होतं.”

“येत होतं म्हणजे? सायकल विसरतं का कुणी?”

“सायकलवरून मी पडायचो.”

“पडायचात, पण पोचायचात ना? उठा आता!”

अर्ध्या तासात सर हॉस्पिटलात होते, मागे टेलरताई आणि बाळ. विद्यार्थिनी दारातच भेटली.

“सर! उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलं की काय?”

“मी... या बाळाच्या हृदयाच्या औषधासाठी आलोय,” सर चपलांकडे बघत म्हणाले.

तिचा चेहरा गंभीर झाला. “हे धरून अशी सहा बाळं आहेत, सर. आम्ही परवा करून पाहिलं. हे बघा.” तिनं बाटली उलटी केली. पावडर तळाशी दगडासारखी बसली होती. “वरच्या चमच्यात नुसतं गोड पाणी, खालच्या चमच्यात संकट. म्हणून कुणाला दिलं नाही.”

सरांनी बाटली उजेडाकडे धरली. आता ते चपलांकडे बघत नव्हते.

“कोरडी पावडर एकदम पाकात ओतलीत?”

“हो.”

“पीठ भिजवताना सगळं पाणी एकदम ओततं का कुणी? खल कुठाय?”

खल होता, पण दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत, ‘जुन्या काळची साधनं’ या पाटीखाली. किल्ली सापडेना. “म्हातारा बाहेर आणि खल आत!” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शेवटी किल्ली सापडली. खल घासला, उकळला, कोरडा केला.

हृदयाच्या डॉक्टरांनी मात्रा लिहून दिली, विद्यार्थिनीनं गोळ्या मोजल्या. सरांनी बत्ता हातात घेतला आणि गोळ्या कुटायला सुरुवात केली. गोळ्यांचं पीठ झालं. मग दोन थेंब पाक, घोटणं, पुन्हा दोन थेंब. “अजून नाही... अजून नाही... आता बघा, लोण्यासारखं झालं. आता ओता, पण धीरानं!”

बाटली दोन तास स्थिर ठेवली. ते दोन तास सरांना परीक्षेच्या निकालासारखे गेले. मग त्यांनी बाटली उचलून हलवली. पावडर धुरासारखी उठली आणि सगळीकडे सारखी पसरली. यंत्रानं वरचा, मधला, तळाचा थेंब तपासला. तिन्ही आकडे जुळले.

“जमलं!” सर ओरडले. आज दुसऱ्यांदा.

त्यांनी घाईघाईनं लेबल लिहून चिकटवलं. विद्यार्थिनीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“सर, काहीतरी राहिलंय.”

बाळाचं नाव होतं, मात्रा होती, तारीख होती. ‘देण्याआधी बाटली हलवा’ नव्हतं! हेच विसरल्याबद्दल सरांनी वर्गात कित्येकांना उभं केलं होतं. कानाच्या पाळ्या तापल्या. हीच ती चूक, जिला भिऊन आठ महिने गेले. आता गुपचूप घरी जावं.

“पन्नास वेळा लिहा, सर,” ती म्हणाली. “तुम्ही मला लिहायला लावलं होतंत.”

सगळे हसले, आणि सरांच्या लक्षात आलं की आपणही हसतोय. चूक झाली होती, पण दाराबाहेर गेली नव्हती. मध्ये ही पोरगी उभी होती. आणि तिला तिथं उभं राहायला शिकवलं होतं कुणी?

नवं लेबल लागलं. टेलरताईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. बाळानं पहिला थेंब चाखून तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितला. बाकीच्या पाच बाटल्या संध्याकाळपर्यंत झाल्या.

घरी येऊन सरांनी चपलाही काढल्या नाहीत. शब्दकोश उघडला, कागद घेतला. मसुदा नाही, खाडाखोड नाही.

“अहो, आत्ताच तर तिला भेटून आलात,” बायको म्हणाली. “तोंडानं सांगायचं ना!”

“तोंडानं जमलं नाही. आणि तिनं पत्र पाठवलं होतं. पत्राला पत्र.”

‘बुधवारी येतो. माझ्या प्रत्येक बाटलीचं लेबल तू तपासायचंस.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ते जवळजवळ पळतच गेले. पत्र आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज कान लावून ऐकला.